संजीवन सभेत सगळे रडले, मी कोरडीच राहिले. मग माझं नवीकरण झालंच नाही का?

पहाटवारा

सर्वांना सलाम. आजवर नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

जन्मापासून ख्रिस्ती घरातली. तान्हेपणी बाप्तिस्मा, वेळेवर दृढीकरण, मग रविवार शाळेत शिकवणं, गायनमंडळ, महिला मंडळाचा हिशेब. यात कुठे खोटेपणा होता असं नाही, पण गेली काही वर्षं प्रार्थना म्हणजे उपस्थिती लावल्यासारखी होते. शास्त्र उघडते, वाचते, मिटते.

नुकत्याच आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) तीन दिवस संजीवन सभा झाल्या, म्हणजे विश्वासाला नवी जाग यावी म्हणून भरवतात त्या. शेवटच्या संध्याकाळी वक्त्यांनी पुढे यायचं आवाहन केलं आणि निम्मी मंडळी उठली. माझ्या शेजारच्या बाई हुंदके देऊन रडत होत्या. मीही गुडघ्यांवर होते, डोळे मिटलेले, आणि मनात काय चाललं होतं? तर पेटीचा एक सूर चिकटलाय, आणि माइकवाल्याला कोणीतरी आवाज कमी करायला सांगा.

सभा संपल्यावर त्याच बाईंनी माझा हात धरून सांगितलं, "ताई, तुमच्यात काहीतरी अडथळा आहे. पाप लपवलंय तुम्ही." तेव्हापासून झोप उडाली आहे. रागाने की भीतीने, मलाच ठरवता येत नाही. नवीकरण म्हणजे काहीतरी जाणवायलाच हवं का? ज्यांना जाणवलं त्यांचं पुढे काय झालं? कृपया "प्रार्थना करत राहा" एवढंच लिहू नका, ते करतेच आहे.

जुनी_वही

पहाटवारा, धागा वाचून लगेच पंडिता रमाबाई आठवल्या.

त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. किती वाद, किती टीका सोसून घेतलेला निर्णय होता तो, हे वेगळं सांगायला नको. आणि तरी आपल्या साक्षीत त्या स्वच्छ लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो मिळालेला नाही. आता ही आठ वर्षं कोणती ते बघा. अमेरिकेचा दौरा याच काळातला. १८८९ मध्ये शारदा सदन सुरू झालं तेही याच काळात. म्हणजे आत कोरड होती तेव्हा बाई हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या, आणि त्या कामाला नंतर कुणी खोटं म्हटलं नाही.

त्यांना वाट सापडली ती विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मकथन वाचताना. हा हॅसलम अजब गृहस्थ. १८५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या आपल्याच चर्चमध्ये, स्वतः उपदेश करत असताना, स्वतःच्याच उपदेशाने त्याचं परिवर्तन झालं. श्रोत्यांतून एकजण ओरडला, "पाळकाचं परिवर्तन झालं!" तोवर वर्षानुवर्षं तो लोकांना तारणाविषयी सांगतच होता की!

आता केडगावच्या मुक्ती सदनाबद्दल, कारण संजीवनाचा विषय निघाला की तिकडे गेल्याशिवाय राहवत नाही. वेल्समधल्या जागृतीच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या संजीवनाच्या, बातम्या कानावर होत्या. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी खास प्रार्थना सुरू केली. सुरुवातीला सत्तरेक जणी रोज जमत. महिने गेले, संख्या वाढत गेली. २९ जूनच्या पहाटे मुलींच्या झोपायच्या जागेत एक मुलगी आगीने वेढल्यासारखी दिसली म्हणून दुसरी धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार तोच लक्षात आलं, आग लागलेलीच नाही. ही हकीकत तिथे काम करणाऱ्या मिनी अब्रॅम्स यांनी लिहून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर शिकवत असताना सगळ्याजणी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, आणि शिकवणं थांबवावं लागलं.

मला यात ती ज्वाला महत्त्वाची वाटत नाही. ती बादलीवाली मुलगी आवडते. तिला काही अद्भुत वगैरे जाणवलं नव्हतं. मैत्रीण जळतेय असं वाटलं आणि ती पाणी आणायला धावली.

शंकेखोर

मी ख्रिस्ती नाही, पण धर्म आणि समूहमन हा वाचनाचा विषय आहे, म्हणून आगाऊपणा करतो. आवडलं नाही तर सांगा.

रात्रीची वेळ, दमलेली माणसं, तेच तेच पद पुन्हा पुन्हा, शेजारचा रडतोय. यात कोणीही रडेल. रडला नाही तो "अडथळा" ठरतो, हा तर खास दबावाचा नमुना झाला. शिवाय इतिहास फार उत्साहवर्धक नाही. वेल्सच घ्या. ३१ ऑक्टोबर १९०४ ला लाफर गावच्या मोरिया चॅपेलमध्ये इव्हान रॉबर्ट्स या २६ वर्षांच्या तरुणाने सभा सुरू केल्या. काही महिन्यांत लाखभर लोकांनी विश्वास कबूल केला असा अंदाज सांगतात. खाणकामगारांनी शिव्या सोडल्या, तर खाणीतल्या घोड्यांना हुकूम कळेनात, ही गोष्ट तुमच्याकडे फार लाडकी आहे म्हणे. पण त्याच वेळी, जानेवारी १९०५ मध्ये, पीटर प्राइस या डाउलेसच्या पाळकानेच वर्तमानपत्रात पत्र लिहून रॉबर्ट्सची चळवळ बनावट आहे असा आरोप केला. १९०६ मध्ये रॉबर्ट्स थकून, खचून बाजूला झाला. तो १९५१ पर्यंत जगला, पण पुन्हा तसा उभा राहिला नाही. आणि वेल्समधली चॅपेलं विसाव्या शतकात ओस पडत गेली. मग उरलं काय?

जुनी_वही

शंकेखोर, आगाऊपणा कसला, हे प्रश्न आमच्याच लोकांनी आधी विचारलेत. प्राइसबद्दल एकच भर घालतो. त्याचं म्हणणं जागृतीच खोटी असं नव्हतं. एक खरी आहे आणि एक रॉबर्ट्सभोवतीची नकली, असं तो म्हणत होता.

तुमच्या मुख्य मुद्द्यासाठी जोनाथन एडवर्ड्स वाचा, अठराव्या शतकातला अमेरिकेतला पाळक. त्याच्या नॉर्थॅम्प्टन गावात १७३४-३५ मध्ये मोठी जागृती झाली, आणि तिचा वृत्तान्त लिहिणारा हाच. जून १७३५ मध्ये त्याच्या मावशीच्या नवऱ्याने, जोसेफ हॉलीने, निराशेच्या भरात आत्महत्या केली आणि वातावरण एकदम पालटलं. एडवर्ड्सने हे लपवलं नाही. पुढे दुसरी लाट येऊन गेल्यावर १७४६ मध्ये त्याने धार्मिक भावनांवर ग्रंथच लिहिला. त्यात आधी बारा गोष्टी अशा सांगितल्या की ज्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. भावना फार तीव्र आहेत, अंग थरथरतंय, वचनं आपोआप आठवतात, तोंडाने सतत स्तुती चालते. यावरून खरं आहे असंही म्हणता येत नाही आणि खोटं आहे असंही नाही. मग खरी म्हणून बारा लक्षणं दिली. त्यातलं शेवटचं, ज्यावर त्याने सगळ्यात जास्त पानं खर्च केली, ते आचरण.

आणि याच मंडळीने १७५० मध्ये एडवर्ड्सला काढून टाकलं. प्रभूभोजनाला (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला) कोणाला बसू द्यायचं यावरून वाद झाला होता. ज्यांना त्याने रडताना पाहिलं त्यांनीच मत देऊन त्याला घालवलं.

स्टेथोस्कोप

थोडं वेगळं, पण लिहिणं भाग आहे. मी डॉक्टर आहे आणि विश्वासीही.

पहाटवारा, झोप उडाली आहे असं लिहिलंत म्हणून विचारते. फक्त प्रार्थनेतच रस गेलाय, की जेवण, माणसं, आवडीचं काम, सगळ्यातलाच? पहाटे लवकर जाग येऊन मन काळंकुट्ट होतं का? असं दोन आठवड्यांहून जास्त सतत असेल तर ते आध्यात्मिक कोरडेपणाच्या खात्यात टाकू नका. डॉक्टरांना भेटा. नैराश्य हा आजार आहे, त्याला उपचार आहेत, आणि त्याचा लपवलेल्या पापाशी काही संबंध नाही. एका सभेत "विश्वास ठेवा आणि गोळ्या फेका" असं ऐकून आलेला रुग्ण मी नंतर अतिदक्षता विभागात पाहिला आहे. त्यामुळे या विषयावर माझा आवाज जरा चढतो.

मेणबत्ती

आमच्या कॅथॉलिक बाजूने दोन शब्द. १९६७ नंतर आमच्याकडेही करिश्माई नूतनीकरणाची लाट आली, टाळ्या, आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत बोलणं, सगळं. माझ्या आईला त्यातून खरंच खूप मिळालं. मला त्या सभांत डोकं दुखतं. आम्ही दोघी एकाच मिस्साला जातो.

पण तुमच्यासारख्या अवस्थेसाठी आमच्याकडे फार जुनी शिदोरी आहे. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने सोळाव्या शतकात आत्मिक साधनेचे जे नियम घालून दिले, त्यात एक असा आहे: मन उजाड असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलायचा नाही. उजेड असताना जे ठरवलं त्याला धरून राहायचं. हवं तर प्रार्थना थोडी वाढवायची, कमी तर नाहीच करायची. तो पुढे हेही म्हणतो की कोरडेपणाची कारणं वेगवेगळी असतात. कधी आपला आळस असतो, कधी पारख होत असते, आणि कधी एवढंच शिकायचं असतं की गोडवा आपल्या कमाईचा नाही. तुमच्या त्या बाईंनी तिन्हींतलं पहिलंच तेवढं पकडलं. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली तेव्हा जगाला कळलं की त्यांनी जवळजवळ अर्धं शतक असाच अंधार काढला होता.

त्या बाईंना हे ऐकवू नका मात्र. वाद वाढेल.

मेंढपाळ_निवृत्त

पाळक म्हणून बरीच वर्षं संजीवन सभा भरवल्या, म्हणून पडद्यामागचं सांगतो.

पुढे येण्याच्या आवाहनाला आपण इतके सरावलोय की ते प्रेषितांच्या काळापासून चालत आलंय असं वाटतं. तसं नाही. आजच्या स्वरूपातली ही पद्धत रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेत, आणि तिचा मोठा पुरस्कर्ता चार्ल्स फिनी. अस्वस्थ झालेल्यांसाठी पुढे एक वेगळं बाक ठेवायचं ही त्याची खास युक्ती. १८३५ च्या व्याख्यानांत तो सरळ म्हणतो की संजीवन हा चमत्कार नव्हे, योग्य साधनं नीट वापरली की ते येतं. एडवर्ड्सचा सूर बरोबर उलटा. त्याला नॉर्थॅम्प्टनमध्ये घडलं ते देवाचं अनपेक्षित काम वाटलं. आपल्या सभांत प्रार्थना एडवर्ड्सची असते आणि आखणी फिनीची. किती वाजता कोणतं पद, दिवे कधी मंद करायचे, आवाहन किती लांबवायचं, हे आधी ठरलेलं असतं. मीच ठरवलेलं आहे. म्हणून त्यात देव नसतोच असं मी म्हणणार नाही, पण पेटीच्या चिकटलेल्या सुराकडे ज्यांचं लक्ष गेलं त्या अविश्वासी ठरत नाहीत.

मग शंकेखोर विचारतात ते, उरतं काय? कोरियात प्योंगयांगला जानेवारी १९०७ मध्ये सभा चालू होत्या. गिल सन-जू नावाचे मंडळीचे वडील (कारभार पाहणारे ज्येष्ठ) सर्वांसमोर उभे राहिले. एका मित्राने मरताना बायकोसाठी मालमत्तेची व्यवस्था लावायचं काम त्यांच्यावर सोपवलं होतं, त्यातले पैसे आपण ठेवून घेतले, हे त्यांनी सांगितलं आणि परत करायचं वचन दिलं. त्यानंतर लोक गावभर फिरून चोरलेलं परत करत होते, थकवलेली देणी चुकवत होते. ख्रिस्ती नसलेल्यांचीसुद्धा. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला, लुबाडलेलं परत करायला निघालेला जकातदार जक्कय कोरियात भेटला म्हणा.

लहानसं उदाहरण माझ्याच मंडळीतलं. एक निवृत्त भांडारपाल होते, सरकारी खात्यातले. सभांत ते कधी पुढे आले नाहीत, रडले नाहीत. एका सभेनंतरच्या सोमवारी मात्र पिशवी घेऊन माझ्याकडे आले. आत पितळी नळतोट्या, तांब्याच्या तारेचं वेटोळं, दोन पाने आणि एक मोजपट्टी. सगळं खात्याचं. "हे परत करायचंय, चला बरोबर." गेलो. तिथला कारकून हैराण. हे जमा करायचं कोणत्या नोंदवहीत? माल निघाल्याची नोंद नाही, तर आल्याची कशी घालणार? त्याने साहेबांना विचारलं, साहेबांनी त्याला चहा पाठवायला सांगितलं आणि आम्हाला विचारलं, "नक्की अडचण काय आहे तुमची?" तीन खेपा झाल्या. शेवटी भंगार म्हणून घेतलं आणि साध्या कागदावर पोच दिली. त्यांनी ती पोच शास्त्रात घालून ठेवली नाही की साक्षीत सांगितली नाही. फाइलीला लावली. भांडारपालच ते.

शंकेखोर

हे मात्र पटलं. नळतोट्यांवर समूहमनाचा परिणाम होत नाही.

तरी एक शंका राहतेच. भांडारपाल सभेशिवायही गेले असते का?

मेंढपाळ_निवृत्त

माहीत नाही. मी त्यांना विचारलं होतं. म्हणाले, "पुष्कळ वर्षं जायचं होतं. त्या दिवशी गेलो."

पहाटवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. स्टेथोस्कोप, तुमचे प्रश्न दोनदा वाचले. बाकी सगळ्यात रस आहे, जेवण तर जरा जास्तच. झोप त्या वाक्याने गेली होती, आता येते. पण तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, इथे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणालातरी उपयोगी पडेल.

जुनी_वही, रमाबाईंची आठ वर्षं मी आजवर फक्त पुढे काय झालं त्याची प्रस्तावना म्हणून ऐकली होती. शारदा सदन त्याच वर्षांतलं, हे लक्षातच आलं नव्हतं.

आता व्यवहाराचं विचारते. सभा वर्षातून एकदा. मधल्या काळात काय करायचं? एकटीने वाचन-प्रार्थना चालूच आहे, तिथेच तर अडलंय.

जुनी_वही

मेथॉडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली, त्याचं उदाहरण तुमच्या प्रश्नाला अगदी लागू पडेल. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी, लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत, रोमकरांस पत्रावरची लूथरची प्रस्तावना कोणीतरी वाचत असताना, पावणेनऊच्या सुमारास त्याच्या हृदयाला ऊब जाणवली. हे सगळे सांगतात. त्याच नोंदीतल्या दोन गोष्टी कमी सांगितल्या जातात. एक, तो त्या सभेला अगदी नाखुशीने गेला होता. दुसरी, थोड्याच वेळात मनात शंका आली: हा विश्वास कसला, आनंद कुठे आहे? आणि पुढच्या जानेवारीत तो लिहितो की मी आत्ताही ख्रिस्ती नाही! पाळकपदाची दीक्षा होऊन तेव्हा दहा वर्षं उलटली होती.

मग त्याने काय केलं? ऊब परत यायची वाट पाहत बसला नाही. १७३८ च्याच नाताळात छोट्या गटांचे नियम लिहून काढले. आठवड्यातून एकदा भेटायचं, वेळेवर, आणि प्रत्येकाला तेच मोजके प्रश्न: मागच्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणतं पाप घडलं? कोणता मोह आला? त्यातून सुटका कशी झाली? ही पद्धत त्याने मोरावियन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांकडून उचलली. त्यांचं जर्मनीतलं हर्नहूट गाव तर भांडणांनी फुटायला आलं होतं. तिथला जमीनदार आणि त्यांचा पुढारी काउंट झिंझेनडॉर्फ याने घरोघर जाऊन १२ मे १७२७ ला सगळ्यांच्या सह्या घेतल्या, एकमेकांशी कसं वागायचं याचा करार केला, आणि मग १३ ऑगस्टच्या प्रभूभोजनात जे घडलं त्याला ते आपला पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा दिवस) म्हणतात. त्याच महिन्यात रात्रंदिवस आळीपाळीने प्रार्थना सुरू झाली, ती शंभर वर्षांहून जास्त चालली. आधी करार, मग आत्मा. क्रम लक्षात घ्या.

मेणबत्ती

क्रम नेहमी तसाच असतो असं नाही हं. पण गटाबद्दल +१. एक खबरदारी: तिथे बोललेलं बाहेर गेलं की गट मेला. आमच्याकडे पापनिवेदनाला गुप्ततेचं बंधन असतं, ते उगाच नाही.

स्टेथोस्कोप

आणि गट लहान ठेवा. चार-पाच जणी. दहा झाल्या की भाषणं सुरू होतात.

पहाटवारा

महिला मंडळातल्या दोघी तयार होतील असं वाटतं. तिसरी म्हणून कोण सुचतंय माहितीये? त्याच, "अडथळा"वाल्या बाई. त्यांच्याइतकी वेळेवर येणारी दुसरी कोणी नाही, आणि त्या रडल्या ते नाटक नव्हतं, हे मला कळतं. पण गटात आल्या की पहिल्याच दिवशी माझं पाप शोधायला बसतील.

मेंढपाळ_निवृत्त

घ्या त्यांना. वेस्लीचे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि नियम करा की प्रत्येकीने फक्त स्वतःबद्दल उत्तर द्यायचं. दुसरीचं उत्तर चालू असताना सल्ला नाही, वचन नाही, "मला असं दाखवण्यात आलं" तर मुळीच नाही. त्यांनी हे मान्य केलं तर उत्तम. नाही केलं तर त्या आपणहून यायच्या थांबतील, तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. आणि सुरुवात तुम्ही स्वतःपासून करा, वही त्यांच्या हातात देऊ नका.

शंकेखोर

सहा महिन्यांनी धागा वर काढा. उत्सुकता आहे.